कोणाचा रे तू?

श्रावणातली संध्याकाळ. रत्नागिरीच्या रहाटाघर स्टँडवर पावसाची झड थेट बाकांपर्यंत येत होती. पावस गावाची शेवटची गाडी पकडायला आलेल्या आजींनी माशांची रिकामी टोपली बाकाखाली सारली, तेव्हा समोर दोन पाय दिसले. उजव्या पायात मोठ्या माणसाची चप्पल, डाव्या पायात लहानगी. वर पाहिलं तर आठेक वर्षांचा मुलगा. शर्टाच्या गुंड्या एकेक काज चुकलेल्या.

"कोणाचा रे तू?"

मुलगा गप्प. शेजारचा तरुण हळूच म्हणाला, "आजी, कशाला नादाला लागता? लोक म्हणतील, पोरं पळवणारी आहे."

त्याची भीती खोटी नव्हती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्या अफवांनी निरपराधांचे जीव घेतले, आणि रडणाऱ्या परक्या मुलाजवळ जायलाही चांगली माणसं बिचकू लागली.

आजींनी मुलाचा हात धरला नाही, त्याला कुठे नेलं नाही. जागच्या जागी उभ्या राहून बाजारातल्या आवाजात ओरडल्या, "हा पोरगा कोणाबरोबर आलाय?" अख्खा स्टँड वळला. पुढे कोणी आलं नाही. मग त्या तरुणालाच म्हणाल्या, "बाळा, तू साक्षीला बस. आणि फोन लाव."

नंबर चौकशीच्या खिडकीशेजारी रंगवलेला होता, १०९८. मुलांसाठीची ही मोफत सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. वरती हरवलेल्या मुलांची विटलेली पोस्टरं होती. कोण वाचतं ती, असं आपल्याला वाटतं. अंधेरीतून २०१३ साली नाहीशी झालेली एक मुलगी नऊ वर्षांनी घरी आली, ती जुन्या पोस्टरवरचा एकच नंबर अजून चालू होता म्हणून.

"ही चप्पल बाबांची ना रे?" आजींनी विचारलं. मुलाने मान हलवली, आणि मग शाळेचं नाव सांगितलं.

तिकडे मिऱ्या गावात त्याच्या आईला शेजारी समजावत होते, "चोवीस तास थांबावं लागतं, तोवर येईलच." असा नियम आपल्याकडे नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवून शोध घ्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच बजावलं आहे. तिला न्यायालय ठाऊक नव्हतं, पण ती थांबली नाही. भर पावसात पोलीस ठाण्यात गेली. म्हणूनच स्टँडवरून फोन गेला तेव्हा तक्रार आधीच नोंदलेली होती.

पावसची गाडी सुटली. आजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पदराने मुलाचे केस पुसत राहिल्या.

पाऊण तासाने पोलिसांच्या गाडीतून आई उतरली. डोकं भिजलेलं, छत्री नाही. हातात घट्ट धरलेली एक लहानगी चप्पल होती, उजव्या पायाची.