धोका कोणाच्या शिवारात?

सिसिली बेटावरील एटना हा जागृत ज्वालामुखी. १६६९ साली त्याच्या लाव्हारसाचा लोट कातानिया नगराकडे सरकू लागला, तेव्हा दिएगो पापालार्दो नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने काही नागरिक ओली कातडी पांघरून व लोखंडी पहारी घेऊन पर्वतावर गेले आणि लोटाच्या थिजलेल्या कडेला त्यांनी खिंडार पाडले. लाव्हा वळला, परंतु पातेर्नो गावाच्या दिशेने. पातेर्नोचे लोक शस्त्रे घेऊन धावून आले व त्यांनी ते काम बंद पाडले. अखेर लाव्हा कातानियाला भिडलाच. त्या नगराची संरक्षक संत आगाथा; तिचे अवगुंठन लाव्हापुढे मिरवीत नेण्याची तेथील श्रद्धाळूंची जुनी परंपरा आहे. प्रार्थनेचे बळ मी कमी लेखीत नाही. परंतु कातानिया आणि पातेर्नो यांच्यातील प्रश्न न्यायाचा होता. आपल्या दारचे संकट दुसऱ्याच्या दारी लोटण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

ब्रह्मपुरीला ज्वालामुखी नाही, वाघ आहे. ताडोब्याला राखीव सीमा आहेत, प्रवेशद्वारे आहेत. ब्रह्मपुरी वनविभागातील बहुतेक जंगल मात्र धानाची शेते, तळी आणि गावे यांच्याशी गुंतलेले आहे. चैत्राच्या पहाटे मोहफुले वेचावयाची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडावयाचा, वर्षभर सरपण आणावयाचे, हा येथील गरिबाचा संसार. जंगलवाटेवर वाघोबाचे ठाण आढळते. शेजाऱ्याशी बोलावे तसे लोक त्याच्याशी बोलतात. २०२२ साली ‘सीटी-१’ या वाघाने वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी परिसरात तेरा माणसे मारल्याची नोंद झाली. त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला तो वडसा येथे जेरबंद झाला. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

अशा प्रत्येक मृत्यूनंतर एक वाक्य हमखास कानी येते : “जंगलात गेलीच कशाला?” शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १३). जंगलात जाण्यावाचून गत्यंतर नसलेल्यास ‘निष्काळजी’ ठरविणे हा त्याच जुन्या समजुतीचा नवा, सुशिक्षित अवतार होय.

मग उपाय काय? सर्वांत सुचणारा उपाय म्हणजे वाघ उचलून अन्यत्र नेणे. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरीतून पकडलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आली. तिच्यावर येथील दोन मृत्यूंचा ठपका होता. ती तेथे स्थिरावली नाही. शेकडो किलोमीटर भटकली. वाटेत आणखी दोन माणसे तिच्या हल्ल्यात गेली, आणि ऑक्टोबरमध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने तीही मेली. ब्रह्मपुरीत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल. वर्धा-अमरावतीकडच्या शेतकऱ्यास कोणी काय विचारले होते? हेच ते पातेर्नो! स्थलांतर सर्वथैव अयोग्य, असे माझे म्हणणे नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात नेण्यात आल्या, त्या तेथील वाघांची संख्या वाढावी म्हणून. परंतु ज्याच्या शिवारात धोका जावयाचा, त्याचा शब्द घेतल्यावाचून केलेली सुरक्षितता ही मला चोरीच्या मालासारखी वाटते.

याचा अर्थ वाघ नाहीसा करावा, असा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या विश्वपत्रात प्रत्येक प्राणिमात्राचे स्वतःचे असे मोल मान्य केले आहे. मात्र त्याच पत्रात वसुंधरेचा आणि दीनांचा आक्रोश त्यांनी एकत्रच ऐकला आहे, हे निसर्गप्रेमी वाचक कधीकधी विसरतात. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे ठाऊक असून धन्याने त्याला आवरले नाही आणि कोणी मेले, तर दोष धन्याचा. मग वाघाचा धनी कोण? तो राष्ट्रीय प्राणी; १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले; त्याच्या दर्शनाचा आनंद पुण्या-मुंबईचा पर्यटक घेतो. धनीपण जर सर्वांचे, तर दायित्व मोहफुले वेचणाऱ्या म्हातारीचेच कसे? मृताच्या वारसांना मिळणारी रक्कम २०२२ मध्ये वीस लाख रुपये झाली व पुढे पंचवीस लाखांवर गेली. ती आवश्यकच आहे, पण ती घटनेनंतरची आहे.

घटनेपूर्वीचे दायित्व फार साध्या गोष्टींत असते. घरात गॅस असला आणि सिलिंडर भरण्याइतकी ऐपत असली, तर सरपणाची एक फेरी टळते. गावातील तरुणांच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला विजेरी आणि मानधन मिळाले, तर वाघ आल्याची वार्ता वेळेवर पोहोचते. आणि शेतीपंपाची वीज! ती रात्रीच्या पाळीत असली की शेतकऱ्याला काळोखात बांधावरून जावे लागते, नेमक्या त्याच वेळी जेव्हा वाघ फिरतो. ही वेळ निसर्गाने ठरविलेली नाही. ती कार्यालयात, टेबलाशी बसून, कागदावर ठरते. वाघाला वळविण्यापूर्वी हे वेळापत्रक वळवून पाहावयास काय हरकत आहे? त्याला ना गुंगीचे इंजेक्शन लागते, ना पिंजरा.