विसावा कोणाचा, ओझे कोणाचे?

मार्गशीर्षातली गोष्ट. महिनाअखेर होती. नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी माल रवाना करण्याचे काम पाहत असे. महिनाअखेर म्हणजे तेथे लग्नघरच. रात्री साडेनऊला घरी आलो, हातपाय धुतले, हरिपाठाला बसलो, आणि फोन वाजला. बिलावर टेम्पोचा नंबर चुकला होता आणि गाडी गिऱ्हाइकाच्या फाटकावर अडली होती. बोलता बोलता छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे झाले. डावा हात जड झाला.

आमची मंडळी म्हणाली, "अहो, एवढा घाम कसा आलाय?"

मी म्हटले, "पित्त आहे. आल्याचा तुकडा दे."

तिने आले दिले नाही. शेजाऱ्याची रिक्षा काढायला लावली आणि मला दवाखान्यात नेले. (खरे तर रिक्षाही नव्हे, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. छातीवर दाब येतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो, दम लागतो, अशा वेळी घरच्या घरी पित्ताचा निवाडा करू नये. बायकांना आणि मधुमेहाच्या माणसांना कधी कधी कळ येतच नाही, नुसता थकवा येतो. हे मला त्या रात्री कळले, म्हणून येथेच सांगून टाकतो.)

दोनदा ईसीजी काढला. काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले. दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी झाली. सगळे चांगले निघाले. फक्त रक्तदाब १७०च्या वर गेला होता. डॉक्टर वयाने माझ्या मुलासारखे. म्हणाले, "काका, झटका नाही. पण झोपता किती?" मी बोटांवर मोजले. पाच तास. "आणि सुट्टीच्या दिवशी फोन बंद असतो का?" यावर मी काही बोललो नाही.

घरी सर्वांना आनंद झाला. मलाही झाला. पण त्या आनंदाच्या पाठीमागे दुसरेच एक माणूस उभे होते, त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख. झटका आला असता तर लोक शहाळी घेऊन आले असते, मालक स्वतः म्हणाले असते, दोन महिने येऊ नका. आता काय? काही निघालेच नाही. आजाऱ्याला विसावा मिळतो, मेलेल्याला तर मिळतोच. जो दोन्ही नाही, नुसता घाबरला आहे, त्याने विसावा कोणत्या तोंडाने मागावा?

दुसरी गोष्ट आणखी लाजेची. मी चार दिवस गेलो नाही. त्या चार दिवसांत टेम्पो गेले, बिले झाली, गिऱ्हाइकांचा माल पोहोचला. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटले. आत कोठेतरी वाटत होते की काहीतरी अडावे, कोणीतरी म्हणावे की तुमच्यावाचून चालत नाही. कीर्तनात पंचवीस वर्षे अहंकाराचे निरूपण ऐकले. तो धनाचा असतो, विद्येचा असतो, कुळाचा असतो, हे पाठ झाले होते. तो राबण्याचाही असतो, आणि कर्तव्याची पगडी घालून येतो म्हणून ओळखू येत नाही, हे खाटेवर पडल्यावर कळले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते आपल्या भाषेत सांगतो. वाटेत साप दिसला की काळीज धडधडते. शरीरात एक रस सुटतो, त्याला ॲड्रेनालिन म्हणतात. त्याने नाडी वाढते, रक्तदाब चढतो. साप निघून गेला की सगळे निवते. आमच्या धंद्यातला साप खिशात असतो आणि दिवसातून पन्नास वेळा वाजतो. निवायला वेळच मिळत नाही. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एक विकार नोंदवला. मोठ्या दुःखाने किंवा धसक्याने हृदयाचा टोकाचा भाग एकाएकी फुगतो आणि हृदय ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखे दिसू लागते. त्या मडक्यावरूनच त्याला 'ताकोत्सुबो' नाव पडले. तो बहुधा उतारवयातल्या बायकांना होतो, आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. आपल्या आज्या 'काळीज फाटलं' म्हणत, ते अगदीच खोटे नव्हते म्हणायचे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली, असा तो अंदाज आहे. मी माझे तास मोजले. घरून घेतलेले फोन धरून सत्तरच्या आसपास भरले. आकडा वाचून दोन दिवस भीती वाटली, तिसऱ्या दिवशी विसरलो. आकड्यांचे असेच असते.

विसरलो नाही ती पुण्याची मुलगी. २६ वर्षांची सनदी लेखापाल, एका मोठ्या संस्थेत नोकरीला लागून चारच महिने झालेले. २०२४ च्या जुलैत ती गेली. त्याच्या थोडे आधी छाती आवळल्यासारखी होते म्हणून आईवडिलांनी तिला दवाखान्यात नेले होते. ईसीजी चांगला निघाला. झोप कमी होते आणि जेवण उशिरा होते, एवढेच सांगण्यात आले. हे सारे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र त्या सप्टेंबरात देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे संस्थेने मान्य केले नाही, आणि आपण बाहेरच्यांनी त्याचा निकाल देऊ नये. पण 'काही निघालं नाही' या शब्दांवर किती विसंबावे, हा प्रश्न मात्र ते पत्र वाचल्यापासून मला सोडत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोठी माणसे अशीच झिजली, म्हणून तर मोठी झाली. खरे आहे. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. पुढे १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. ते प्रार्थना समाजाचे, माळकरी नव्हेत. पण मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर १९०० साली पुस्तक लिहिले, त्यात आपल्या संतांसाठी एक स्वतंत्र प्रकरण ठेवले. १८९३ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. दिवसभर कोर्ट, आणि त्यावर सामाजिक परिषद, उद्योगधंद्यांची चळवळ, वाचन, लेखन. हृदयाचे दुखणे बळावले. १९०० च्या अखेरीस लाहोरच्या सामाजिक परिषदेला त्यांना जाता आले नाही. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. नव्या वर्षी त्यांनी रजा घेतली, आणि १६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. आणखी दोन दिवसांनी ५९ पूर्ण झाली असती. रमाबाईंचे वय तेव्हा ३८. त्या शेवटच्या आजाराविषयी त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात लिहिले आहे. ज्याच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो, त्याने ती पाने वाचावीत.

रानड्यांनी चूक केली असे म्हणण्याची माझी योग्यता नाही. त्यांनी ते ओझे आपखुशीने, लोकांसाठी उचलले होते. माझे काय? नळाच्या तोट्या वेळेवर पोहोचाव्यात यासाठी माझे काळीज चालले होते. तोट्याही लागतात, नाही असे नाही. पण दोन गोष्टींना एकच तराजू लावून आपण आपल्या हव्यासाला रानड्यांचा अंगरखा घालतो.

दुसरी शंका सांप्रदायिकांची असते. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, कामातच देव पाहिला. मग काम कमी करा हे कसले सांगणे? आमच्या कारखान्यातही 'काम हीच पूजा' अशी पाटी आहे. ती मालकांनी लावली आहे, हे ध्यानात घ्यावे. सावता महाराजांच्या मळ्यात सूर्य मावळला की मोट थांबत असे. आमच्या मळ्यात सूर्य मावळतच नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, झोप आणि कर्म या सर्वांना माप सांगितले आहे. कर्माला त्यातून सूट दिलेली नाही.

पण माप धरायचे कसे? काम तर थांबत नाही. येथे मला आपल्या सप्ताहातला वीणा आठवला. सात दिवस वीणा खाली टेकायचा नाही हा दंडक. म्हणून एकाच भाविकाला सात दिवस उभे करतात का? भिंतीवर पहाऱ्यांची यादी लागते. दोन तास याचे, दोन तास त्याचे. पहाटे तीनचा पहारा कोणाला नको असतो, तोही वाटून घेतात. तरुणपणी एका सप्ताहात पुढचा पहारेकरी आला असताना मी त्याला हाताने थांबवले आणि आणखी दोन तास उभा राहिलो. लोक वाखाणतील असे वाटले. म्हातारे वीणेकरी एवढेच म्हणाले, "बाबा, तू त्याचा वाटा खाल्लास." तेव्हा राग आला होता. वारीतही पाहा. विसाव्याची ठिकाणे निघण्याआधीच ठरलेली असतात. कोणी दमले आहे की नाही हे विचारून पालखी थांबत नाही; जागा आली की थांबते.

मी मालकांना भेटलो आणि रवानगी सोडून गोदामाचे काम मागून घेतले. पगार चार हजारांनी कमी झाला. घराच्या कर्जाचा हप्ता आहे तेवढाच आहे, त्यामुळे धाकटीचा क्लास बंद करावा लागला. ती दोन दिवस बोलली नाही. हे सारे गोड झाले असे मी सांगणार नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, सकाळी गोदाकाठी चालतो, रात्री दहाला झोपतो. येथवर लेख संपवला असता तर वाचकांनीही बरे झाले म्हटले असते.

पण माझ्या जागी निफाडकडचा एक मुलगा आला. वय २९, वडिलांची द्राक्षबाग, घरी लहान बाळ. फोन आता त्याच्या खिशात. होळीच्या सुमारास चहा पिताना तो सहज म्हणाला, "काका, रात्री छातीत धडधडतं. ॲसिडिटी असेल."

पेला खाली ठेवला. माझे पित्त आणि त्याची ॲसिडिटी यांत फरक तो काय? मी ओझे उतरवले नव्हते, फक्त त्याच्या छातीवर सरकवले होते. मग तुकोबारायांच्या खतांची कथा आठवली. महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यातला अर्धा भाग धाकट्या भावाचा म्हणून आधी वेगळा काढून त्याला दिला, हे आपण भरभर सांगून पुढे जातो. स्वतःचे सोडताना दुसऱ्याच्या प्रपंचाला त्यांनी धक्का लावला नाही. मी वैराग्य माझे केले आणि हप्ता त्याला भरायला लावला.

त्याला आधी दवाखान्यात पाठवले. मग आम्ही दोघे मिळून मालकांकडे गेलो आणि रवानगीला आणखी एक माणूस मागितला. मालक वाईट नाहीत. त्यांचे पैसे मोठ्या कंपन्यांकडे तीन-तीन महिने अडकतात, आणि त्यांच्या खिशातही गोळ्यांची पट्टी आहे. ती मी पाहिली आहे. "विचार करतो," म्हणाले.

तोवर रवानगीच्या खोलीत भिंतीवर हाताने लिहिलेली यादी लावली आहे. सोमवार आणि गुरुवार रात्रीचा फोन माझ्याकडे, शनिवारी एक जुने ऑपरेटर आपण होऊन घेतात, उरलेले त्या मुलाकडे. आणि रात्री दहानंतर फक्त गाडी अडली तरच फोन करायचा, असे ड्रायव्हरांना सांगितले आहे. हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते फारसे खूश दिसले नाहीत. रक्तदाब मोजला, आणि दर महिन्याला दाखवायला या म्हणाले.

गेल्या गुरुवारी पावणेबाराला फोन वाजला. सिन्नरजवळ टेम्पोचे चाक बसले होते. स्टेपनी होती, माणूस सुखरूप होता. "सावकाश निघ, सकाळी पोहोचलास तरी चालेल," म्हणालो आणि आडवा झालो. तो मुलगा त्या रात्री झोपलेला होता. मालकांचे उत्तर अजून आलेले नाही.