सेनापतीचं घर

एक घर होतं. ते बांधायचं ठरलं तेव्हा भोवती शहर असं फारसं नव्हतंच. वॉशिंग्टन ही अमेरिकेची नवी राजधानी नुकती कुठे वसत होती. रस्ते आखलेले होते, पण ते कागदावर. बाकी झाडं, चिखल आणि मधूनमधून एखादी इमारत.

साल होतं 1801. मार्चच्या शेवटच्या दिवशी दोन माणसं घोड्यांवरून जागा शोधत फिरत होती. एक होता देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष, थॉमस जेफरसन. दुसरा होता एका लहानशा फौजेचा प्रमुख, विल्यम बरोज. जहाजांवर राहायचं, जहाजांवरून लढायचं, वेळ पडली तर किनाऱ्यावर उतरायचं, हे त्या फौजेचं काम. तिला मरीन म्हणत आणि तिच्या प्रमुखाला कमांडंट. फौज पहिल्यांदा उभी राहिली 1775 मध्ये, स्वातंत्र्याच्या लढाईत. लढाई संपली, पैसा संपला, फौजही मोडली. 1798 मध्ये ती पुन्हा उभी करायची वेळ आली, तेव्हा काम बरोजकडे आलं. हाताशी फार काही नव्हतं. फौजेला वाद्यवृंद हवा, म्हणून त्याने आपल्या अधिकाऱ्यांकडून दहा-दहा डॉलर वर्गणी काढली होती.

दोघांनी जागा निवडली. गोदी जवळ, संसदेची इमारतही पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे शिपायांची बराक होणार होती आणि एका टोकाला कमांडंटचं घर. बरोजने ते घर पूर्ण झालेलं पाहिलं नाही. 1804 मध्ये त्याने पद सोडलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. घर पुरं झालं 1806 मध्ये.

पहिला राहायला आला तो बरोजनंतरचा प्रमुख, फ्रँकलिन व्हार्टन. आठ वर्षं बरी गेली. मग 1814 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज चालून आले. शहराबाहेर ब्लेडन्सबर्गला लढाई झाली. बाकीचे पांगले तरी मूठभर मरीन आणि खलाशी तोफांपाशी टिकून राहिले. पण त्यांचा प्रमुख त्यांच्यात नव्हता. तो शहर सोडून निघून गेला होता. त्या रात्री संसद जळली, राष्ट्राध्यक्षांचा वाडा जळला. कमांडंटचं घर मात्र वाचलं. का वाचलं, याच्या कथा पुष्कळ. कुणी म्हणतं, मरीन शूरपणे लढले म्हणून शत्रूने मान राखला. कुणी म्हणतं, शत्रूच्या सेनापतीलाच मुक्कामाला छप्पर हवं होतं. खरं काय ते घरालाच ठाऊक.

व्हार्टन परत आला आणि त्याच घरात राहू लागला. ही गोष्ट एका तरुण अधिकाऱ्याच्या मनातून जाईना. त्याचं नाव आर्चिबाल्ड हेंडरसन. इंग्रजांशी झालेल्या त्या युद्धात तो जहाजावर नेमणुकीला होता. 1817 मध्ये त्याने थेट आपल्या प्रमुखावर आरोप ठेवले. लष्करी न्यायालय बसलं. व्हार्टन निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी तो पदावर असतानाच वारला.

त्याच्यामागून आला अँथनी गेल. त्याचं आपल्या वरिष्ठांशी, नौदलाच्या मंत्र्याशी पटेना. याने आज्ञा काढावी आणि मंत्र्याने ती फिरवावी, असं चाललं. माझा अधिकार नेमका कुठवर, असं त्याने मंत्र्याला लिहून विचारलं. प्रश्न रास्त होता, पण विचारणाऱ्याच्या हातात प्यालाही होता. दारूपायी आणि वागणुकीपायी 1820 मध्ये त्याच्यावर खटला झाला आणि त्याला बडतर्फ केलं गेलं. दोन वर्षांच्या आत तो घराबाहेर पडला. पुढे केंटकीत शेती करत त्याने दिवस काढले.

एक नको त्या वेळी घर सोडून गेला. दुसऱ्याला घरातून काढावं लागलं. आता घरात आला हेंडरसन. वय सदतीस. तो आला आणि राहिला.

राहिला म्हणजे किती? अडतीस वर्षं. या काळात देशाचे अकरा राष्ट्राध्यक्ष झाले, कमांडंट एकच. मरीन ही वेगळी फौज हवीच कशाला, भूदलात टाका, असं एका राष्ट्राध्यक्षाच्या मनात आलं. हेंडरसनने चिकाटी सोडली नाही. 1834 मध्ये कायदा झाला आणि मरीन नौदलाच्या मंत्र्याखाली राहिले. गेलने विचारलेल्या प्रश्नाला बरंचसं उत्तर त्या कायद्याने दिलं.

मग 1836 साल आलं. दक्षिणेत क्रीक आणि सेमिनोल लोकांशी युद्ध पेटलं होतं. हेंडरसन स्वतःहून जायला निघाला. निम्म्याहून अधिक फौज त्याने बरोबर घेतली. असं सांगतात, की निघताना त्याने आपल्या कचेरीच्या दारावर एक चिठ्ठी डकवली. मजकूर एवढाच, की मी लढाईला गेलो आहे, युद्ध संपलं की परत येईन. मरीन ही चिठ्ठी आजही कौतुकाने सांगतात. प्रमुखाने पळून जायचं नसतं, पुढे जायचं असतं, हे तिच्यात आहे खरं. पण ती लढाई कसली होती, तेही सांगायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीवर ते लोक राहत होते, तिथून त्यांना हुसकावण्याची. ज्यांची घरं खरोखर त्यांची होती, त्यांना घराबाहेर काढायला तो निघाला होता आणि चिठ्ठी लावून जात होता ती सरकारी दारावर.

तो परत आला. मोठा हुद्दा मिळाला, केस पांढरे झाले. वर्षं जात राहिली.

1 जून 1857. शहरात निवडणूक होती. परक्या देशांतून येऊन नागरिक झालेल्यांनी मत देऊ नये, म्हणून शेजारच्या बाल्टिमोरहून गुंड आणवले होते. दगड चालले, पिस्तुलं निघाली. नगराध्यक्षाने मदत मागितली आणि मरीनच्या दोन तुकड्या रस्त्यावर आल्या. गुंडांनी कुठून तरी एक तोफ ओढून आणली आणि तिचं तोंड शिपायांकडे वळवलं.

तेव्हा गर्दीतून एक म्हातारा चालत पुढे आला. अंगावर साधे कपडे. वय चौऱ्याहत्तर. तो तोफेपाशी गेला आणि तिच्या तोंडावर स्वतःचं अंग टेकवून उभा राहिला. बाबांनो, तोफ डागण्याआधी नीट विचार करा, अशा अर्थाचं तो बोलला. एवढ्यात मरीन पुढे झाले आणि तोफ ताब्यात आली. त्यानंतर गोळीबार झालाच, माणसंही मेली. पण तोफ काही डागली गेली नाही.

सगळे पांगले तेव्हा एक प्रमुख शहरातून निघून गेला होता, हे चाळीस वर्षं विसरला नव्हता तो माणूस.

दीड वर्षाने, 1859 च्या जानेवारीत, हेंडरसन वारला. आणि इथे मरीन हळू आवाजात हसून आणखी एक गोष्ट सांगतात. म्हाताऱ्याचं मृत्युपत्र उघडलं. मालमत्तेची वाटणी नीट लिहिली होती. त्यात राहतं घरही त्याने वारसांच्या नावे करून ठेवलं होतं. बिचारा विसरूनच गेला होता, की घर आपलं नाही, सरकारचं आहे. सदतिसाव्या वर्षी आत पाऊल टाकलं, तिथेच म्हातारा झाला. कधी तरी भिंती आपल्याशा वाटू लागल्या असणार. सरकारी बंगल्यात दोन वर्षं काढलेला साहेबही अंगणातला आंबा आपलाच म्हणतो. याने तर अडतीस काढली.

गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. घर मात्र वारसांना मिळालं नाही. त्यात नवा कमांडंट आला, जॉन हॅरिस. क्रीकांच्या मोहिमेत हेंडरसनबरोबर गेलेला.

मला वाटतं, त्या म्हाताऱ्याला हसणं सोपं आहे. तोफेच्या तोंडाशी उभं राहायला छातीत जे लागतं, तेच घर आपलं मानायलाही लावतं. परक्या गोष्टीसाठी कोण अंग टेकवतं? आणि तरी ती आपली नसतेच. आज तर हे पद त्याहून विलक्षण झालं आहे. कमांडंटने माणसं निवडायची, शिकवायची, त्यांना हत्यारं द्यायची, फौज सज्ज करायची. आणि लढाईची वेळ आली, की ती फौज दुसऱ्या सेनापतींच्या हाती सोपवायची. ती कुठे न्यायची हा हुकूम त्याचा नसतो. तो देशाच्या सरसेनापतींच्या मंडळात बसतो, सल्ला देतो. त्याचे खांदे चार ताऱ्यांचे आणि मुदत चार वर्षांची.

घरात आता जुन्या कमांडंटांची चित्रं लावलेली आहेत. तिथे गेलचं चित्र नाही. त्याचं एकही चित्र कुणाला सापडलेलं नाही. त्याची कबर कुठे आहे, तेही ठाऊक नाही.

2023 च्या जुलैत कमांडंट डेव्हिड बर्जर यांची मुदत भरली. सिनेटमधल्या एका अडवणुकीमुळे त्यांच्या वारसाच्या नावाला मंजुरी मिळाली नव्हती. शंभराहून अधिक वर्षांत असं झालं नव्हतं. 10 जुलैला त्याच बराकीच्या मैदानावर, कमांडंटच्या घरासमोर, निरोपाचा समारंभ झाला. पद घ्यायला मंजूर झालेला कुणी नव्हता. बर्जर यांनी ते खाली ठेवलं आणि निघाले.