मुका मार

मराठीत दोन शब्द जोडून आहेत. मुका मार. कातडं फुटत नाही, रक्त बाहेर येत नाही, आतल्या आत साकळतं आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. जखमेला आपण तोंड म्हणतो. जखमेचं तोंड मोठं झालं, गळवाला तोंड पडलं. ज्या माराला तोंडच नाही तो मुका. पण दोस्तांनो, माझा सवाल असा आहे की मुका नक्की कोण? मार, का मार खाणारा? आणि अमुक मार किरकोळ आणि तमुक गंभीर हे ठरवतं कोण?

आपल्या घरांत बारीकसारीक लागण्याला किती नावं आहेत ती मोजा. ठेच लागते ती पायाच्या बोटाला. टेंगूळ येतं डोक्याला, कपाळाला. खोक पडते, खरचटतं, ओरखडा उठतो, चटका बसतो, मुरगळतं, लचकतं, उसण भरते. रोज खोरं धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला कुरूप. लावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या. हे शब्द कुण्या पंडितानं बसून घडवलेले नाहीत. ज्यांना लागलं त्यांनी घडवले. म्हणून त्यांच्यात साक्ष आहे. वळ हा शब्द घ्या. वळ पाय घसरून येत नाही. वळ म्हणजे छडी, पट्टा, दोरी, नायतर कुणाची तरी बोटं. वळ म्हटलं की मारणारा हात शब्दासोबतच हजर होतो.

आता हा वळ घेऊन पोलीस चौकीत जा. तिथं त्याचं नाव बदलतं. तो होतो 'साधी दुखापत'. दुखापत कुणाच्या हातानं झाली ते त्या शब्दात कुठं दिसत नाही. दवाखान्याच्या कागदावर येतं 'कठीण व बोथट वस्तू'. काठी, बूट, मूठ, सगळं त्यात बसतं. वैद्यकाच्या पुस्तकात मुक्या माराचे रंग दिलेले असतात. आधी लालसर, मग निळा, मग काळपट, पाचसहा दिवसांनी हिरवट, मग पिवळा, दोनेक आठवड्यांत साफ. हे रंग गोऱ्या कातडीवर वाचता येतात. उन्हात रापलेल्या काळ्या पाठीवर ते धड उमटत नाहीत. उमटले नाहीत की कागद म्हणतो, खूण नाही. आणि साधी दुखापत केली एवढाच गुन्हा असेल तर तो कायद्यानं 'अदखलपात्र'. हा शब्द एकदा सावकाश वाचा. दखल घेण्याच्या लायकीचा नाही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसानं त्याचा तपास करायचा नाही.

मग दखल घ्यायला किती लागायला पाहिजे? ह्याची मापं जुनी आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंड सांगितलाय. कातडं फोडलं तर शंभर पण, मांसापर्यंत गेलं तर सहा निष्क, हाड मोडलं तर हद्दपारी. टीकाकार सांगतात, हा हिशेब बरोबरीच्यांचा. खालच्यानं वरच्याला ज्या अवयवानं मारलं तो अवयवच तोडायचा, हा दुसरा हिशेब त्याच अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत हे पुस्तक जळालं ते उगीच नाही.

इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता आणली. तिनं जात काढली, ही मोठी गोष्ट, ती मान्य केलीच पाहिजे. पण माप दुसरं आलं. हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला तर गंभीर. तसं काही नसेल तर वीस दिवस अतोनात वेदना झाल्या पाहिजेत, नायतर वीस दिवस नेहमीचे उद्योग बंद पडले पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या विसाचे पंधरा झाले. कामगाराचंही तसंच. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात काम तीन दिवसांपेक्षा जास्त बंद पडल्याशिवाय इजेची भरपाई मालकाच्या अंगावर येत नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्यात अठ्ठेचाळीस तास कामावर येता आलं नाही, तर त्या अपघाताची खबर सरकारला द्यायची होती.

म्हणजे जखम मोजायची कशी? खाड्यानं. मी साच्यावर उभा राहतो. धोटा उडून मांडीवर बसला की चार बोटं जागा काळीनिळी होते. सुताच्या धारेनं बोटाला चिरा पडतात, त्यांत घाम गेला की झोंबतं. पण मजुरी कापडाच्या मीटरवर. खाडा केला तर चूल अडते. म्हणून दुसऱ्या पाळीला माणूस हजर. हजर म्हणजे खाडा नाही, खाडा नाही म्हणजे जखम नाही. ज्याला घरी पडून राहणं परवडतं त्याचंच दुखणं वहीत येतं. जो जितका गरीब, तितकं त्याला कमी लागतं, असा ह्या वहीचा अर्थ होतो.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक ओरखड्याची फिर्याद करायची? सवाल रास्त आहे. जुन्या दंडसंहितेच्या ९५ व्या कलमात हेच होतं, आणि नव्या संहितेतही ते आलंय. सर्वसाधारण समजुतीचा माणूस ज्याबद्दल कुरकुर करणार नाही इतकी इजा क्षुल्लक असेल, तर तो गुन्हा नाही. कळव्याला सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढून बघा. कोपर बरगडीत बसतं, पाय तुडवला जातो, डब्याच्या कडेनं नडगी खरचटते. कुणी चौकीत जात नाही, आणि ते बरोबर आहे. तिथं धक्का कुणालाही बसतो. मला बसला तसा माझ्याकडूनही दुसऱ्याला बसतो.

पण तसाच धक्का गावच्या पाणवठ्यावर बसला तर? कोपर तेच, बरगडी तीच, रंगही तोच काळानिळा. तरी तो किरकोळ नाही. कारण तो ठरावीक माणसालाच बसतो आणि त्याला तो परत देता येत नाही. मला वाटतं किरकोळपणाची कसोटी ही आहे. जे सगळ्यांना सारखं लागतं ते किरकोळ असू शकतं. जे एकाच बाजूला लागतं ते कितीही बारीक असो, किरकोळ नाही. धोटा मालकाच्या मांडीवर कधी बसत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला हे थोडं कळलं. चारचौघांत जाणूनबुजून पाणउतारा केला तर अंगावर खूण नसली तरी तो गुन्हा, आणि दखलपात्र.

हीच कसोटी आपल्या खोलीत पण लावा. बाईच्या दंडावर वळ असतात आणि ती शेजारणीला सांगते, मोरीत घसरले. वळ घसरून येत नाही हे शेजारणीला ठाऊक असतं, आपल्यालाही. बाहेर मानवमुक्तीची भाषणं करायची आणि घरात त्या वळाला धडपड म्हणायचं, हे चालणार नाही. तिलाही तो मार परत देता येत नाही.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पत्र काढलं, त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. शंभरावर वर्षं झाली. आता आपल्याला लिहिता येतं. तेव्हा चौकीत 'जरा लागलंय' म्हणू नका. वळ म्हणा, खोक म्हणा, मुका मार म्हणा, कुणी, कशानं, कुठं ते सांगा. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी खबर लिहून घेऊन वाचून दाखवायची आणि तिची नक्कल फुकट द्यायची, हे कायद्यातच आहे. वाचून दाखवताना कान देऊन ऐका. आपला शब्द काढून तिथं दुसरा बसवला असेल तर सही करायच्या आधी तो परत घालायला लावा.