सोल्दा ताताचं मत

२०१७चा एप्रिल. रॉटरडॅमहून सुटीवर आलेला भाचा कुंभकोणमजवळच्या चोळपुरमला मामांच्या ओट्यावर कॉफी घेत बसला होता. त्याचं मन मात्र अजून तिकडेच होतं.

त्याच्या गल्लीत एका तुर्की माणसाची बेकरी आहे. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवायचे की नाहीत, यावर तुर्कस्तानात १६ एप्रिलला सार्वमत होतं. परदेशातल्या नागरिकांची मतं मागायला मंत्री युरोपात सभा घेत होते. ११ मार्चला नेदरलँड्सनं परराष्ट्रमंत्री चावुशोग्लू यांचं विमान उतरू दिलं नाही. मग कुटुंबकल्याण मंत्री सायान काया जर्मनीतून मोटारीनं आल्या. पोलिसांनी त्यांना रॉटरडॅमच्या तुर्की वकिलातीजवळ अडवलं आणि रात्रीच सीमेपार पोचवलं. जमलेल्या गर्दीवर पाण्याचे फवारे सोडले, घोडे घातले, कुत्री सोडली. चार दिवसांनी डच लोकांचीही निवडणूक होती.

"मंत्री गेल्या, मामा. बेकरीवाला तिथंच राहिला. गिऱ्हाईक विचारतं, तू कुणाचा? त्याची माणसं विचारतात, त्या रात्री तू का आला नाहीस? मला हळूच म्हणाला, पासपोर्ट याच वकिलातीत बदलून घ्यायचा असतो, आई गावाकडे आहे, नाही कसं म्हणू?"

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "रविवारी शेजारच्या ताताबरोबर कारैकालला जाऊ. तू चल."

ताता म्हणजे आजोबा; हे सोल्दा ताता. फ्रेंच फौजेत नोकरी केलेल्याला पाँडिचेरी-कारैकालकडे सोल्दा म्हणतात. १९५४ साली तो फ्रेंच मुलूख भारताच्या ताब्यात आला. १९६२ साली त्याबद्दलचा फ्रान्सशी झालेला करार लागू झाला, तेव्हा तिथल्या माणसांना सहा महिन्यांत लेखी कळवून फ्रेंच नागरिकत्व राखता येत होतं. तातांनी राखलं. पुढे बायकोच्या गावी, चोळपुरमला घर बांधलं.

२३ एप्रिलला तिघं कुंभकोणमहून बसनं निघाले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी होती. कारैकालला ताता मतदान केंद्रात गेले, हे दोघं कडुनिंबाखाली थांबले. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. पांढऱ्या धोतरातले, रेशमी साडीतले म्हातारे फ्रेंच नागरिक येत होते, जात होते. समोरचा शहाळेवाला आपल्या कामात होता.

परतताना तातांनी सगळं समजावून सांगितलं. अकरा उमेदवार, म्हणून चिठ्ठ्या अकरा. एकच उचलली तर बघणाऱ्याला कळेल, म्हणून जास्त उचलायच्या. पडद्याआड एक लिफाफ्यात घालायची, लिफाफा पेटीत टाकायचा. प्रचार इथंही होतो. उमेदवारांची पत्रकं घरी येतात, ओळखीचे कार्यकर्ते गळ घालतात. "पण पत्रक वाचून मी त्यात वडा गुंडाळला, तरी विचारणारं कोणी नाही," ताता म्हणाले.

"मग मत कुणाला दिलंत?" भाच्यानं विचारलं. ताता खिडकीबाहेरच्या उन्हाळी, कोरड्या शेतांकडे बघत राहिले.

मामाच बोलले. "आपण मराठी माणसं साडेतीनशे वर्षं या कावेरीकाठी आहोत. उद्या मुंबईहून एखादा मंत्री येऊन कुंभकोणमच्या चौकात म्हणाला, तुम्ही आधी आमचे, हात वर करा, तर तो रात्रीच्या गाडीनं परत जाईल. सकाळी भाजीवालीसमोर पिशवी घेऊन तुझी मामी उभी राहणार आहे. मत मागायला कुणाचीच ना नाही. पण ज्याच्या हातात तुझा पासपोर्ट आहे, त्यानं तुझ्या शेजाऱ्यादेखत तुला हात वर करायला लावू नये."

भाचा मे महिन्याच्या सुरुवातीला परत गेला. पोचल्यावर बेकरीत गेला, रोजच्यासारखा पाव घेतला आणि सार्वमताबद्दल एक शब्दही विचारला नाही.

७ मेला दुसऱ्या फेरीसाठी ताता पुन्हा त्याच बसनं कारैकालला जाऊन आले. त्यांनी मत कुणाला दिलं, हे चोळपुरममध्ये आजही कुणाला माहीत नाही.