पाकिटातला पडदा व दुसऱ्याचा विवेकभाव

मासळी वाळविली म्हणजे टिकते, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. वैद्यकशास्त्राने हेच काम थंडीच्या साह्याने साधले आहे. डुकराच्या आतड्याचा एक थर किंवा गोवंशाच्या जनावराच्या हृदयाभोवतीचे आवरण घेऊन त्यातील पेशी धुऊन काढितात. मग ते गोठवून, हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवितात. तेथे बर्फाचे पाणी न होता एकदम वाफच होते. त्यामुळे उन्हातल्या मासळीप्रमाणे ते फारसे आक्रसत नाही, आणि तंतूंची वीण बरीचशी जशीच्या तशी राहते. मागे उरतो तो कागदासारखा पांढरा, हलका पडदा. निर्जंतुक करून पाकिटात घातला की तो बर्फावाचून दीर्घकाळ टिकतो, आणि मिठाच्या पाण्यात भिजविला की पुन्हा मऊ होतो. अंतर्गळ, न भरणारी जखम, मेंदूवरील फाटलेले आवरण, अशा ठिकाणी तो लावितात. रोग्याच्या पेशी त्या विणीत शिरून वाढतात. दूरच्या लहान इस्पितळास हा केवढा लाभ!

पण त्या पाकिटात आता जनावर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयी कोणी विचारीत नाही. (ज्या जनावराचे ते होते त्याचे आभार तर कोणी मानीतच नाही.) संमतिपत्रावर ‘जैविक जाळी’ एवढे दोन शब्द असतात. तेवढे पुरे आहेत काय?

आम्हांस तसे वाटत नाही. वाळविल्याने वस्तूचा उगम पुसला जात नाही. माणसाच्या मेंदूवरील आवरणही एके काळी असेच वाळवून वापरीत. त्यातून मेंदूचा एक प्राणघातक रोग संक्रमित झाल्याचे १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाले, आणि एकट्या जपानात शंभरांहून अधिक रोगी त्याने ग्रासले गेले. शरीराच्या बाबतीत उगम इतका महत्त्वाचा, तर मनाच्या बाबतीत तो क्षुल्लक कसा?

ख्रिस्ती डॉक्टर किंवा परिचारिका म्हणेल, आम्हांस कोणतेही जनावर अशुद्ध नाही. आपल्यापुरते ते खरे. पण करिंथकरांस लिहिताना पौलाने मूर्तीच्या नैवेद्याविषयी जे सांगितले, त्यात स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या विवेकभावाची काळजी आहे. खाटेवरचा मुसलमान किंवा माळकरी आपल्या मोकळिकीने बांधलेला नाही.

कोणी म्हणेल, विचारले तर तो नाही म्हणेल व प्राणास मुकेल. पण जीव वाचविण्यास दुसरा उपाय नसेल तर निषिद्ध वस्तूही चालते, असे अनेक मुसलमान धर्मपंडित सांगतात. आणि गोमांस न शिवणारा मनुष्यही विचारल्यावर होकार देईल. मात्र तो होकार त्याचा असावा, आपण गृहीत धरलेला नसावा. रोगी बेशुद्ध असून वेळच नसेल तर आधी जीव वाचवावा, आणि शुद्धीवर आल्यावर लपवू नये.

म्हणून आदल्या दिवशी, नातलगांसच नव्हे तर खुद्द रोग्यास, त्याच्या बोलीत सांगावे: हे डुकराचे आहे, किंवा हे गुराचे आहे. त्याने नकार दिला तर अंतर्गळासाठी कृत्रिम धाग्याची जाळी असतेच, आणि ती पुष्कळदा स्वस्तही पडते. जखम दूषित असल्यामुळे ती चालणार नसेल, तर तेही तितक्याच साध्या शब्दांत सांगावे, आणि त्याला घरच्यांशी बोलण्यास एक रात्र द्यावी.