धन्यानें चाकराची चूक भरावी काय?

करावें तसें भरावें, ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. तेव्हां बसगाडी उलटून उतारूंचे हातपाय मोडले आणि चूक गाडी हांकणाऱ्याची ठरली, तर भरपाई त्यानेंच द्यावी, कचेरींत बसलेल्या कंपनीनें कां द्यावी, असा प्रश्न सरळ मनुष्यास पडणें साहजिक आहे. कायद्यानें मात्र ह्याचें उत्तर उलट दिलें आहे. तें न्यायाचें आहे काय, हें वाचकांबरोबर पाहावें असा आमचा विचार आहे.

लंडन शहरीं घोड्यांच्या ऑम्निबस चालत, त्या काळची गोष्ट. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीनें आपल्या हांकणाऱ्यांस छापील ताकीद दिली होती कीं, दुसऱ्याच्या गाडीशीं शर्यत लावूं नये व तिला अडथळा करूं नये. तरी एकानें प्रतिस्पर्ध्याची गाडी पुढें जाऊं नये म्हणून आपली गाडी तिच्या आडवी घातली, आणि ती दुसरी गाडी उलटली. आम्हीं तर मना केलें होतें, असें कंपनीचें म्हणणें. १८६२ सालीं न्यायाधीशांनीं बहुमतानें कंपनीसच जबाबदार धरिलें. कारण तो मनुष्य चालवीत होता ती कंपनीची गाडी, आणि करीत होता तें कंपनीचेंच काम, जरी मना केलेल्या रीतीनें. आम्हांस हा निकाल रास्त वाटतो. नुसत्या ताकिदीनें धनी सुटत असता, तर प्रत्येक धन्यानें एक कागद छापून भिंतीस लाविला असता आणि तो स्वस्थ झोपला असता!

तरी धन्याच्या जबाबदारीस सीमा आहे. १९०० सालीं त्याच कंपनीच्या एका कंडक्टरानें, हांकणारा जाग्यावर नसतां, परतीच्या फेरीसाठीं स्वतःच गाडी वळवून आणिली व एकास जखमी केलें. गाडी चालविणें त्याचें काम होतें असें सिद्ध न झाल्यामुळें कंपनी सुटली. जखमी मनुष्याला लगाम कोणाच्या हातीं होता ह्यानें काय फरक पडला, असें आमच्या मनांत येतें खरें.

मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाचा नियम आहे (निर्गम २१). बैल पूर्वींपासून मारका, धन्यास सांगितलेलें, आणि तरी त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर दोष धन्यावर येतो. बसकंपनीची गोष्ट कांहीं वेगळी नव्हे. हांकणारा ती निवडते, त्यास झोप मिळेल कीं नाहीं हें ती ठरविते, ब्रेक दुरुस्त करावयाचे कीं आणखी एक फेरी काढावयाची हेंही तीच ठरविते, आणि तिकिटाचा पैसा तिच्याच पेटींत पडतो.

आपल्या देशांत तर प्रश्न ह्याच्याही पुढें गेला. चूक सिद्ध झाल्यावांचून भरपाई नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं म्हटलें. पण मृताच्या विधवेनें साक्षीदार कोठून आणावे? म्हणून १९८२ सालीं कायदा बदलून, चूक कोणाची हें न विचारतां मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये मिळावे असें ठरलें. १ एप्रिल २०२२ पासून ह्या रकमा मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख अशा आहेत. चूक सिद्ध करून अधिक मागावयाचें असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करितां येतो, आणि तो आपण राहतों त्या भागांतही करितां येतो. अर्जास कायद्यांत सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. म्हणून दुःखाच्या दिवसांतही विलंब लावूं नये.

आतां हांकणाऱ्याचें काय? धन्यानें भरल्यावर त्याच्याकडून वसूल करावें काय? इंग्लंडांत एका मालमोटारीच्या हांकणाऱ्यानें गाडी मागें घेतांना आपल्याच बापास धक्का दिला. बाप त्याच धन्याचा चाकर. बापास भरपाई मिळाली, आणि मग विमा कंपनीनें धन्याच्या नांवानें मुलावर दावा लाविला. १९५७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें तिघांविरुद्ध दोघे अशा मतानें तो मान्य केला. पुढें तेथील विमा कंपन्यांनींच आपसांत ठरविलें कीं, संगनमत अथवा जाणूनबुजून केलेलें दुष्कृत्य नसेल, तर चाकरावर असा दावा आणावयाचा नाहीं.